मुलांना शिकार-सुरक्षेच्या वर्गाला घालावं का?



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. शाळेतल्या चार मित्रांनी 'हंटर सेफ्टी'च्या वर्गाला नावं घातली आहेत, आमचाही मागे लागलाय, काय करू? विचारणाऱ्यांपैकी बरेच जण शाकाहारी असतात. काहींच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. तिकडे साताऱ्याहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, "नातवाला काय पारधी करताय का?" आणि आईबाबा मधल्या मध्ये अडकतात. मुलाला नाही म्हणावं तर तो मित्रांत एकटा पडतो, हो म्हणावं तर आपणच त्याच्या हातात बंदूक दिल्यासारखं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. मूल अकरा-बारा वर्षांचं असेल आणि तुम्ही शिकारीचा हंगाम पाळणाऱ्या भागात राहत असाल, तर जरूर घाला. मुलगी असेल तर तिलाही घाला. आणि शक्य असेल तर स्वतः शेजारी बसून वर्ग पुरा करा. मात्र या वर्गानंतर मूल बंदुकीपासून सुरक्षित झालं असं समजू नका, कारण तसं होत नाही. ते का, हेच या लेखात सविस्तर सांगायचं आहे.

आधी हा वर्ग म्हणजे काय ते पाहू, कारण भारतातून आलेल्या पालकांच्या डोळ्यासमोर एकदम जंगल, रक्त आणि मेलेलं हरीण येतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार जवळजवळ संपली. एकवीस वर्षांखालच्या माणसाला बंदुकीचा परवाना मिळत नाही. त्यामुळे 'मुलांसाठी शिकारीचा वर्ग' हे शब्द आपल्या कानाला विचित्रच लागतात. अमेरिकेत मात्र शिकार हा परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत करायचा कायदेशीर प्रकार आहे, आणि परवान्याआधी हा वर्ग करावा लागतो. न्यूयॉर्क राज्यानं १९४९ साली नवशिक्या तरुण शिकाऱ्यांसाठी तो सक्तीचा केला. बंदुका आणि काडतुसांवर एक केंद्रीय कर आहे, १९३७च्या कायद्यापासून त्यातून वन्यजीव संवर्धनाला पैसा जातो. १९७०नंतर त्यातलाच काही भाग या शिक्षणासाठी वापरता येऊ लागला. म्हणून बहुतेक राज्यांत हा वर्ग फुकट किंवा किरकोळ फीमध्ये होतो, आणि शिकवणारे बहुतांशी स्वयंसेवक असतात.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक शिकाऱ्याला हा वर्ग लागतो, आणि प्रमाणपत्र नवव्या वर्षापासून मिळू शकतं. पेनसिल्व्हेनियात वयाची अट अकरा आहे. कोलोरॅडोत १९४९ आणि त्यानंतर जन्मलेल्यांना सक्ती आहे, म्हणजे तिथले पंचाहत्तरीचे आजोबाही या नियमातून सुटत नाहीत! एका राज्याचं प्रमाणपत्र साधारणपणे दुसऱ्या राज्यातही चालतं. आणि मुख्य म्हणजे प्रमाणपत्र मिळालं म्हणून शिकारीला जायची सक्ती नसते, बंदूक विकत घ्यावी लागत नाही.

वर्गात प्राणी मारण्यापेक्षा न मारण्याबद्दल, म्हणजे गोळी कधी झाडायची नाही याबद्दल, बराच वेळ बोलतात. चार नियम पुन्हा पुन्हा घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरायचं. नळी कायम अशा दिशेला ठेवायची की चुकून गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही. गोळी झाडायची ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि समोर नक्की काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय नेम धरायचा नाही. शेवटचा नियम मुलांना सगळ्यात जास्त चकित करतो. पॉइंट टू टूची ती बारीकशी, खेळण्यातली वाटणारी गोळी मैलभराहून जास्त लांब जाऊ शकते. मुलाला हे नकाशावर दाखवा. आपल्या घरापासून मैलभर म्हणजे शाळा, वाण्याचं दुकान आणि दोन मैदानं ओलांडून पलीकडे.

कुंपण ओलांडताना बंदुकीचं काय करायचं, तिघं जण ओळीनं चालताना कुणी कुठल्या बाजूला नेम धरायचा, मचाणावर चढताना काय काळजी घ्यायची, भडक नारिंगी रंगाचं जाकीट का घालायचं, हे सगळं त्यात असतं. त्या नारिंगी रंगामागचं शास्त्र मला फार आवडतं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या असतात, तांबड्या रंगासाठीची नसतेच. त्यामुळे आपल्याला लांबून भगभगणारं जाकीट हरणाला मळकट दिसतं. उलट निळी जीन्स त्याला चांगली उठून दिसते. पेनसिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कापड अंगावर असावं लागतं. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात राज्याच्या शिकार-राखीव जमिनीवर नुसतं फिरायला जाणाऱ्यालाही तोच नियम आहे. कुत्र्याला घेऊन तिथे फिरायला जाणाऱ्या आपल्या किती मंडळींना हे माहीत आहे? मी विचारून पाहिलंय, फारच थोड्यांना.

वर्गाला घाला म्हणण्याचं माझं पहिलं कारण हेच आहे. तुमच्या घरात बंदूक नाही म्हणून तुमच्या मुलाच्या आयुष्यात बंदूक नाही, असं होत नाही. अमेरिकेत दर दहा प्रौढांपैकी साधारण चार जण बंदूक असलेल्या घरात राहतात. तुमचं मूल ज्यांच्याकडे झोपायला जातं, ज्यांच्या तळघरात व्हिडिओ गेम खेळतं, त्यातली काही घरं ही असणारच. पेनसिल्व्हेनियातल्या अनेक शाळांना थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुट्टी असते. पूर्वी त्या दिवशी हरणांचा रायफलचा हंगाम सुरू व्हायचा. २०१९पासून तो शनिवारी सुरू होतो, पण सोमवारची सुट्टी पुष्कळ ठिकाणी राहिलीच. ज्या गावात शाळेची सुट्टी हरणांच्या हंगामावर ठरते, तिथे आपल्या मुलाला बंदुकीविषयी काहीच माहीत नसणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे विहिरीला कठडा नसलेल्या गावात पोरांना कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकवायचे. पोर जलतरणपटू व्हावं हा हेतू नव्हता. विहीर तिथे आहे, पोर आज ना उद्या तिच्या काठावर जाणार, हे घरच्यांना ठाऊक होतं.

पण पोहता येणाऱ्या पोरांच्याही विहिरीवर आम्ही कठडा मागतोच. इथे माझ्या मताचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

शिकवलं म्हणजे मूल हात लावणार नाही का?

२००१ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघादोघांनी-तिघातिघांनी एका खोलीत ठेवलं. खोलीतल्या एका खणात खरं पिस्तूल होतं, अर्थात गोळी उडणार नाही असं केलेलं. एकूण २९ गट होते. २१ गटांना पिस्तूल सापडलं. त्यातल्या १६ गटांनी ते हाताळलं, आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं.

म्हणजे शिकवणं फुकट गेलं का? अगदी तसंही नाही. अलीकडे, २०२३ साली, ओहायोतल्या एका अभ्यासात काही मुलांना एक मिनिटाची सुरक्षिततेची चित्रफीत दाखवली. आठवड्यानं प्रयोगशाळेत त्यांना लपवलेली बंदूक सापडेल अशी व्यवस्था केली. चित्रफीत पाहिलेल्या मुलांनी मोठ्या माणसाला सांगण्याचं प्रमाण जास्त होतं आणि हात लावण्याचं कमी. पण चित्रफीत पाहूनही हात लावणारी मुलं होतीच, आणि ती थोडीथोडकी नव्हती. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर मला असं दिसतं की शिकवण्याचा उपयोग होतो, पण तो लसीसारखा नसतो. गोवराची लस दिली की मूल गोवराच्या घरात गेलं तरी मला फारशी चिंता वाटत नाही. शिकार-सुरक्षेचा वर्ग केलेलं मूल उघड्या खणात बंदूक असलेल्या घरात गेलं, तर मला चिंता वाटते.

शिवाय हा वर्ग ज्या अपघातांसाठी बनवला आहे, ते अमेरिकेतल्या मुलांच्या बंदूकबळींमधले थोडे आहेत. २०२०पासून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हे झालं, तिनं मोटार अपघातांना मागे टाकलं. यातले सर्वाधिक मृत्यू खुनाचे, त्याखालोखाल आत्महत्येचे. चुकून गोळी सुटून झालेले मृत्यू या दोघांच्या मानानं बरेच कमी. शिकारीतले अपघात त्याहून कमी, आणि गेल्या काही दशकांत ते खूप घटले आहेत. त्यात या वर्गांचा वाटा आहे, नारिंगी जाकिटांचा आहे, आणि शिकारीच कमी झाले याचाही आहे. म्हणजे हा वर्ग आपलं काम चांगलं करतो. फक्त त्याचं काम आहे त्यापेक्षा मोठं आहे असं आपण धरून चालू नये.

आत्महत्येचा विषय आपल्या समाजात बोलायला जड जातो, तरी इथे बोलायलाच हवं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा परीक्षेत घोळ होतो, मैत्रीण सोडून जाते, वर्गात कुणी फोटो फिरवतं. त्या वयात मनाची लाट फार उंच जाते आणि उतरतेही लवकर. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांना विचारलं तर कित्येक जण सांगतात की ठरवणं आणि करणं यात काही मिनिटंच गेली. त्या मिनिटांत हाताला काय लागतं यावर सगळं अवलंबून असतं. औषधं गिळून केलेल्या प्रयत्नांत बहुसंख्य मुलं वाचतात. बंदुकीनं केलेल्या दहा प्रयत्नांत साधारण नऊ जीव जातात. आणि बंदूक कशी भरायची हे वर्गात शिकलेल्या मुलाला ती भरता येतेच! म्हणून ज्या घरात बंदूक आहे आणि मूल उदास आहे, झोपत नाही, एकटं राहतं, तिथे मी वर्गाबद्दल बोलतच नाही. बंदूक घराबाहेर हलवा, नातेवाइकाकडे, दुकानात, कुठेही, असं सांगते. मूल आणखी खचलेलं वाटलं तर ९८८ या क्रमांकावर फोन करता येतो, मेसेजही पाठवता येतो.

तुमच्या स्वतःच्या घरी बंदूक असेल, तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला सरळ आहे. मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित घर म्हणजे बंदूक नसलेलं घर. असेलच तर ती रिकामी, कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. २००५ साली 'जामा'त आलेल्या अभ्यासात हेच दिसलं की बंदूक कुलपात, रिकामी आणि काडतुसं वेगळी ठेवलेल्या घरांत मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होते. कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे ठेवली आहे, तिला ठाऊक नाही, असं म्हणू नका. दिवाळीचा फराळाचा डबा कुठे लपवलाय हे ज्या पोरांना वासावरून कळतं, त्यांना बंदूक कुठे आहे हे कळत नाही यावर माझा विश्वास नाही. पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारून केलेल्या पाहणीतही हेच आढळलं आहे.

वय किती असावं?

कायदा आणि मेंदू यांची वयं जुळत नाहीत. विस्कॉन्सिननं २०१७ साली, सोबत मार्गदर्शक असेल तर शिकारीसाठी किमान वयाची अटच काढून टाकली. एक डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो 'थांब, विचार कर' असं सांगतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. आठ वर्षांच्या मुलाला नियम पाठ होतात, पण झुडपात खसफस झाली की पाठांतर उपयोगी पडत नाही. म्हणून दहाच्या आत वर्गाला घालू नका, राज्य परवानगी देत असलं तरी. अकरा-बारा हे वय मला बरं वाटतं. त्या वयात मूल तुमचं ऐकण्याइतकं लहान असतं आणि 'यामुळे माणूस मरतो' याचा अर्थ कळण्याइतकं मोठं.

वयापेक्षा मी काही साध्या गोष्टी विचारते. तुम्ही बघत नसताना तो सायकलवर हेल्मेट घालतो का? काही फोडलं तर येऊन सांगतो का? खेळात हरल्यावर वस्तू फेकतो का? 'थांब' म्हटल्यावर पहिल्या हाकेला थांबतो का? उत्तरं मनासारखी नसतील तर एक वर्ष जाऊ द्या. त्यानं काही बिघडत नाही.

वर्ग केल्यावर खऱ्या शिकारीला न्यायचं का, हा मात्र अगदी वेगळा निर्णय आहे आणि तो तुमच्या घरचा आहे. त्यात मी पडत नाही. एवढंच म्हणेन की मित्राच्या वडिलांबरोबर पाठवणार असाल तर त्या माणसाला आधी भेटा. बंदूक हाताळताना बघा. तो थंडीसाठी म्हणून दारूची बाटली सोबत नेणारा असेल तर सरळ नाही म्हणा.

कान, शिसं, गोचीड आणि मचाण

वर्गात बंदुकीच्या नियमांवर जितका जोर असतो, तितका कानांवर नसतो, म्हणून हे मी सांगते. रायफल किंवा शॉटगनचा आवाज कानापाशी १४० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशींच्या रांगा असतात. आवाजाची लाट आली की त्या वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. इतक्या मोठ्या आवाजानं त्या मुळापासून मोडतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. रोज कारखान्यात काम करून वर्षानुवर्षांत जे नुकसान होतं ते इथे एका बारात होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांच्या कानांसाठी अशा क्षणिक आवाजाची मर्यादा १२० डेसिबल सुचवलेली आहे. उजव्या हाताच्या शिकाऱ्यांचा बहुधा डावा कान आधी जातो, कारण डावा कान नळीच्या जवळ असतो आणि उजव्या कानावर डोक्याचा आडोसा असतो. हा नमुना श्रवणचाचणीच्या आलेखावर इतका ठरलेला असतो की तो पाहून माणसाला 'बंदूक चालवता का?' असं विचारता येतं. वर्गात प्रत्यक्ष गोळी झाडण्याचा सराव असेल तर मुलाला कानात बोळे आणि वरून कानटोप, दोन्ही हवेत. नुसता कापूस चालत नाही. वर्गानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरं शिसं. आपल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं की इथले डॉक्टर हळद कुठून आणता, सुरमा घालता का, असं विचारतात, आणि ते बरोबरच आहे. पण बंदुकीचंही विचारायला हवं. बंदिस्त जागेतल्या नेमबाजीच्या ठिकाणी हवेत आणि जमिनीवर शिशाची धूळ असते. ती हाताला, बुटांना लागून घरी येते. शाकाहारी घरालाही हे लागू आहे. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय खायचं नाही, बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायचे. शेजाऱ्यानं हरणाचं मांस दिलं आणि तुम्ही ते खात असाल, तर शिशाच्या गोळीनं मारलं की तांब्याच्या हे विचारा. शिशाची गोळी प्राण्याच्या अंगात फुटते आणि तिचे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. दाताखाली येत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत, क्ष-किरणात दिसतात. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्यानं गर्भवती आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी असं मांस खाऊ नये असा सल्ला दिला होता, तो मी आजही देते. कॅलिफोर्नियानं २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदीच घातली आहे.

गोचिडीबद्दल ईशान्येकडच्या राज्यांतल्या पालकांना सांगायला नको, लाइम रोग हा शब्द त्यांना पाठ आहे. रानातून आलं की त्याच दिवशी आंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्याच्या मागचा भाग, कानामागे, केसांत नीट बघा. चोवीस तासांच्या आत काढलेली गोचीड सहसा लाइम देत नाही.

आणि मचाण. शिकारीतला धोका म्हटला की सगळ्यांना गोळी आठवते. प्रत्यक्षात झाडावरच्या मचाणावरून पडून मणका मोडणं हे शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे. पूर्ण अंगाचा पट्टा, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. तुमच्या मुलाला कुणी 'दहाच फूट आहे, पट्टा कशाला' म्हणालं, तर त्याला त्या माणसाबरोबर पाठवू नका.

आजीचा प्रश्न

आजीच्या प्रश्नाला मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात मुंगीच्या वारुळाला साखर घालतात, त्या घरातल्या मुलाला हरणाच्या चित्रावर काळीज आणि फुप्फुसं कुठे असतात ते दाखवून 'इथे नेम धरायचा' असं शिकवलं, तर ते मूल रात्री अस्वस्थ होऊ शकतं. वर्गात ही चित्रं असतात. त्याबद्दल आधी बोला. त्याला सांगा की हे जनावर तडफडू नये म्हणून शिकवतात, आणि तुला हे न पटण्याचाही पूर्ण हक्क आहे. एकदोन मुलं मला ठाऊक आहेत, जी हा वर्ग करूनच ठरवून शाकाहारी राहिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लहानपणी बंदूक हातात दिली की ती रोजच्या वापरातली वस्तू होऊन बसते, आणि या देशाचं दुखणं तेच आहे, असं काही जण म्हणतात. वर्गाला पैसा बंदुकांवरच्या करातून येतो, म्हणजे जितक्या बंदुका विकल्या जातील तितके वर्ग चालतील, हे खरं आहे. मलाही ते खटकतं. तरीही वर्गात ज्या भाषेत बंदुकीबद्दल बोलतात ती भाषा सिनेमा आणि व्हिडिओ गेमच्या भाषेपेक्षा मला कितीतरी बरी वाटते. तिथे बंदुकीनं कुणी शूर होत नाही. एक कंटाळवाणा, केस पिकलेला स्वयंसेवक सहा वेळा तेच सांगतो की नळी खाली कर. माझ्या मते त्या कंटाळ्यातच औषध आहे. २०२२च्या बंदूक-सुरक्षा कायद्याचा अर्थ लावताना केंद्रीय शिक्षण खात्यानं शाळांमधल्या अशा वर्गांचा निधी अडवला होता. पुढच्या वर्षी संसदेनं कायदा करून तो मोकळा केला. मला ते योग्य वाटलं.

आता एक काम, जे मुलाला वर्गाला घाला अथवा न घाला, तुम्हाला करायचंच आहे. मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला किंवा झोपायला जाणार असेल तर तिथल्या पालकांना विचारा, "तुमच्याकडे बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते ना?" आपल्याला हे विचारायचा संकोच वाटतो. लोक काय म्हणतील, पुन्हा बोलावतील का! पण कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे लक्षात असू द्या, आम्ही मांस खात नाही, हे सगळं आपण न लाजता सांगतो. त्याच दमात हेही विचारा. "आमचा थोडा उचापती आहे, सगळीकडे हात घालतो, म्हणून विचारते" असं म्हटलं की समोरच्याला लागत नाही. बहुतेक लोक आनंदानं सांगतात, काही तर तिजोरी दाखवतात. कुणी चिडलंच तर मुलांना तुमच्या घरी खेळायला बोलवा. आम्ही डॉक्टरही हे विचारतो. फ्लोरिडात २०११ साली डॉक्टरांना असं विचारण्यापासून रोखणारा कायदा झाला होता, न्यायालयानं २०१७ साली त्यातला तो भाग रद्द केला. तेव्हा तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी विचारलं तर रागावू नका, आणि नाही विचारलं तर तुम्हीच विषय काढा.

वर्गाचं वेळापत्रक तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडे मिळेल. हंगामाच्या तोंडावर जागा भरतात, म्हणून लवकर नाव घाला. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष असे दोन्ही पर्याय असतील तर प्रत्यक्ष वर्ग निवडा. हातात नकली बंदूक देऊन कुंपण ओलांडायला लावतात, ते पडद्यावर शिकता येत नाही. परीक्षा बऱ्याच ठिकाणी पन्नासेक प्रश्नांची असते आणि ऐंशी टक्के गुण लागतात. पुस्तिका आधी वाचून गेलेलं मूल सहज पास होतं. पालकांनीही ती वाचावी. मुलाला चष्मा असेल तर तो घालूनच पाठवा. नेम धरताना एका डोळ्यानं नीट दिसत नाही असं तो घरी येऊन म्हणाला, तर ते मनावर घ्या आणि आठवडाभरात डोळे तपासून घ्या.